लिही, बाप म्हणतो

सासूबाईंनी सकाळी चहा गाळता गाळता एक वाक्य उच्चारलं आणि तिच्या हातातला पाव हातातच राहिला. वाक्य तसं साधंच होतं. "या घरात मीच तेवढी सगळ्यांशी बोलते, म्हणून घसाही माझाच बसतो." गॅसकडे तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही अशा थाटात त्या हे म्हणाल्या आणि गाळणं झटकून चोथा टाकायला वळल्या. नवरा वर्तमानपत्रात होता, सासरे खिडकीशी होते, कुणी मान वर केली नाही. ती मात्र जागच्या जागी थिजली, कारण ते वाक्य सासूबाईंचं नव्हतंच. ते तिचं होतं. रविवारी दुपारी याच टेबलावर बसून, दोनदा खोडून, तिसऱ्या खेपेला तिला ते जमलं होतं, आणि तिने ते घातलं होतं एका कागदावरच्या बाईच्या तोंडी, जी सासूबाई नव्हती. निदान तिने स्वतःची तशी समजूत काढली होती. आता ते कागदावरून उठून स्वयंपाकघरात चालत आलं होतं, चहाच्या वाफेत उभं होतं. तिला आधी भीती वाटली, चोरी पकडली गेल्यासारखी. पण त्या भीतीच्या मागोमाग, सांगायला लाज वाटावी असा एक आनंद वर आला, की वाक्य तोंडात काय छान बसलं होतं. तेवढ्यात सासूबाई पावाची बशी पुढे सरकवण्याच्या निमित्ताने खाली वाकल्या आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बरं जमलं का? की 'माझाच'वर जरा जोर द्यायला हवा होता?"

दिवसभर कामावर तिला ते आठवून मध्येच हसू फुटत होतं. ती कानांच्या दवाखान्यात होती. डॉक्टर नव्हे, मशीनवाल्या बाई. जाड फोम लावलेली, काचेची एकच खिडकी असलेली छोटी खोली होती. माणसाला आत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. मग आपण बाहेर बसून एकेक स्वर पाठवायचा, हळू, आणखी हळू, अगदी संपेपर्यंत. तिला त्यातला शेवटचा भाग आवडायचा. तिने काहीच पाठवलेलं नसतानाही माणसं बटण दाबायची, आणि काचेतून तिच्याकडे बघायची, बरोबर ना बाई, अशा नजरेने. ऐकू येण्याच्या परीक्षेत नापास व्हायला कुणालाच आवडत नाही. त्यानंतर ऐकायच्या यंत्रासाठी कानाचा साचा घ्यायचा. कानात गुलाबी लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं, असा नियम. पण नेमकी त्याच वेळी माणसं बोलायला लागत. एक कान बंद झाला की स्वतःचाच आवाज आत मोठा घुमतो, आणि आपण कुणाला सांगत नसून स्वतःशीच बोलतोय असं वाटत असावं. एका आजींनी बहिणीचा स्वेटर कधीच परत केला नव्हता. एका बँकेच्या साहेबांना घरात सगळ्यात जास्त माया मांजरीची होती, आणि हे बायकोला कळेल या धास्तीत ते मांजरीला मुद्दाम ओरडत असत. लगदा काढला की पुन्हा सगळे शहाणे, चष्मा पुसत, छत्री शोधत निघून जायचे, आणि त्यांचं ते सांगितलेलं तिच्याकडे राहायचं. एवढं सगळं घेऊन रोज घरी जायचं आणि तिथे कुणाशी बोलायचं नाही, म्हणजे फुटायचीच पाळी. म्हणून तिने लिहिण्याचा वर्ग लावला.

वर्ग एका मोटार शिकवणाऱ्याच्या दुकानावर, माडीवर भरायचा. भिंतींवर रहदारीच्या खुणांचे तक्ते होते, आणि 'पुढे अरुंद रस्ता' या चित्राखाली बसून माणसं आपापल्या आयांबद्दल लिहीत. शिकवायला एक बाई होत्या. जन्मभर रेडिओवर नाटकं बसवून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, आवाजाने मात्र खोली भरून टाकणाऱ्या. त्या अंडी उकडताना लावतात तसला टायमर टेबलावर ठेवत, म्हणून सगळे त्यांना टायमरबाई म्हणायचे, आणि त्यांनाही ते माहीत होतं. त्यांचा सराव ठरलेला. एक खोली, दोन माणसं, त्यांच्यामध्ये एक वस्तू. दोघांना काहीतरी हवंय, पण जे हवंय ते कुणी बोलायचं नाही. टायमर वाजला की पेन खाली. "तिला वाईट वाटलं असं लिहिलंत तर पान फाडेन," त्या सांगत, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका दातांच्या डॉक्टरांचं पान सगळ्यांदेखत फाडलंही. डॉक्टर बिचारे इतके चकित झाले की त्यांनी तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलंच नाही. तिने पहिले काही प्रसंग परक्यांचे लिहिले, स्वेटरचा, मांजरीचा. ते संपले तसं घर झिरपायला लागलं. तिला कळत होतं आणि तरी थांबवता येत नव्हतं. लिहायला बसलं की खिडकीशी बसलेले सासरेच दिसायचे, आणि टेबलाच्या या टोकाला नवरा, आणि मधली ती हातभर जागा, जिच्यातून कधीच काही सरळ जात नसे.

कारण सासरे आणि नवरा एकमेकांशी बोलत नसत. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. सासरे शहराच्या तरणतलावावर पोहायला शिकवायचे. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला बाहेर ओढून काढलं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत, सासूबाईसुद्धा. मुलगा त्यांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता. मोठ्या स्पर्धेसाठी ज्या शर्यतीतून निवड होणार होती, तिच्या दिवशी शिट्टी वाजवणारे गृहस्थ आजारी पडले आणि शिट्टी मास्तरांच्या हातात आली. पोरं उडी घ्यायच्या चौथऱ्यांवर चढली, वाकली, आणि शिट्टी वाजायच्या आधी मास्तरांचा हात वर गेला. मुलगा आधीच हलला होता. बाद. तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडला आणि बसने घरी आला. रात्री जेवताना मास्तर बायकोला म्हणाले, त्याला सांग, दूध पिऊन झोप. मुलगा म्हणाला, त्यांना सांग, नकोय. तिथून ही वाट पडली ती पडलीच. ती लग्न होऊन आली तेव्हा या वाटेने बरीच वर्षं रहदारी चालू होती. पहिल्याच आठवड्यात मास्तर तिला म्हणाले, पोरी, तुझ्या नवऱ्याला सांग, पंख्याचं बटण बिघडलंय. आणि नवरा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बसून पाव खात होता. तिला वाटलं नवऱ्याला कमी ऐकू येतं. कामाची सवय, दुसरं काय. तिने दोघांनाही एकेक करून दवाखान्यात नेलं, काचेच्या खोलीत बसवलं, आणि दोघांचेही कान सशाचे निघाले. तेव्हा सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि सांगून झाल्यावर सुस्कारा सोडून म्हणाल्या, आता निम्मं टपाल तुझ्याकडे.

राग त्यात केव्हाच उरला नव्हता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पावाचा कडेचा करपट तुकडा नवऱ्याला आवडतो म्हणून मास्तर तो रोज बाजूला काढून त्याच्या बशीत ठेवत, न बघता. मास्तरांच्या डोळ्यांचे थेंब संपायच्या आधी नवी बाटली औषधांच्या डब्यात येत असे, ती कुणी आणली हे विचारायची गरज नसे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टच्या बंद दारापलीकडच्या अनोळखी माणसांशी तो इतक्या मायेने बोलायचा, की दार उघडल्यावर माणसं त्याच्या गळ्यात पडत. एकदा ती त्याच्याबरोबर होती तेव्हा आत एक म्हातारे अडकले होते, आणि तो दाराला गाल लावून त्यांना सांगत होता, आजोबा, मी इथेच आहे, मी कुठेही जात नाही, तुम्ही बोलत राहा. त्या रात्री घरी येऊन तो तिला म्हणाला, बाबांना सांग, खिडकी लावा, वारा आहे. मास्तर तिथेच होते, त्यांनी खिडकी लावली. तिला त्या वेळी हसावं की कपाळावर हात मारावा हे कळेना.

तर लिहून झालेली पानं ती फ्रिजवर ठेवायची, आणि सासूबाईंनी ती वाचली होती, एकदा नव्हे, येतील तशी सगळी. त्या अजिबात रागावल्या नव्हत्या. त्यांची तक्रार वेगळीच होती. आपल्याला वाक्यं कमी आहेत, आणि आहेत तीही मिळमिळीत. माझ्या तोंडी असलं पुचाट काही घालू नकोस, मी काय अशी बोलते का, असं म्हणून त्यांनी दोन-चार झणझणीत वाक्यं सुचवली, त्यातली दोन खरंच उत्तम होती. आणि त्यांच्या पोटात कधी काही राहिलं आहे का. दोन दिवसांत मास्तरांना कळलं, मास्तरांमुळे नव्हे तर सासूबाईंमुळेच नवऱ्याला कळलं, आणि घराचं एका आठवड्यात नाटक झालं. ती वही काढून टेबलाशी बसली रे बसली की मास्तर खोलीतून बाहेर येत, खिडकीपाशी बाजूने चेहरा दिसेल असे उभे राहत, घसा साफ करत, आणि शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं काहीतरी बोलत. माणसानं श्वासावर ताबा ठेवावा. पाणी कुणाचंच नसतं. मग तिच्या पेनाकडे तिरका कटाक्ष टाकत, उतरवून घेतलं की नाही ते बघायला. नवरा कपबशा पुसायला लागला. पंधरा वर्षांत कधी न पुसणारा माणूस, तोही असा हळुवार, की जणू बशीला जखम झाली असावी. सासूबाई तर दारातून आत येताना क्षणभर थांबूनच येत. पूर्वी या स्वयंपाकघरात उघडीवाघडी माणसं होती, ओरबाडून घ्यावं तिथे प्रसंग होता. आता सगळेच जण भांग पाडून बसले होते. तिने लिहिलेलं सगळं लाकूड व्हायला लागलं.

वर्गात तिची पाळी आली तेव्हा तिने खरं काय ते सांगून टाकलं, की बाई, घरचे सुधारले हो, आता लिहू काय. टायमरबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. बाकीचेही हसले, डॉक्टरही. मग बाई चष्मा चढवत म्हणाल्या की त्यांना थांबवू नका. नट तालमीला कंटाळला की चुकून खरं बोलतो, त्यासाठीच तर तालमी लांब ठेवायच्या असतात. आणि मग त्यांनी तिचं जुनं पान वर काढलं, तलावाचं. तिने शर्यतीचा प्रसंग लिहिला होता, न बघता, ऐकीव. चौथरा, शिट्टी, वर गेलेला हात, टॉवेल. बाईंनी ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं आणि पान खाली ठेवलं. "सगळं नीट आहे, आणि सगळं लटकं आहे," त्या म्हणाल्या. "मुलगा हलला की नाही, हे लिहिणारीलाच ठाऊक नाही. तुम्ही दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून कागदावर मध्ये उभ्या राहिलात. घरी उभ्या राहता तशाच."  खालच्या दुकानात कुणीतरी गाडी सुरू करायला शिकत होतं आणि ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती.

घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ती स्वतःवर चिडली. आपण या माणसांची जखम सरावाला वापरतोय, असं तिला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं. माणसं बोलत नाहीत, ठीक आहे, करपट तुकडा तर देतात ना. आपल्याला काय अधिकार होता तो तुकडा उचलून रहदारीच्या तक्त्यांखाली सगळ्यांना वाटायचा. आणि तरी बाईंचं म्हणणं मनातून जाईना. मध्ये उभ्या राहता. ती आपल्या माहेरचं घर आठवू लागली. तिथे काही म्हणजे काही पोटात राहत नसे. वडील आणि काका साबणाच्या वडीवरून भांडत, आई बाथरूमच्या दारातून ओरडत असे, दारं आपटत, शेजारी भिंतीवर ठोकत, आणि अर्ध्या तासाने सगळे एकाच ताटातलं फळ कापून खात. लहानपणी ती कानावर उशी ठेवून अभ्यास करायची आणि ठरवायची की मोठेपणी शांत घरात जाईन. देवाने ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. या शांत घरात आल्यावर पहिली काही वर्षं तिला झोपच लागत नसे, कसला तरी आवाज राहून गेला आहे असं वाटायचं, कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखं, फक्त उलटं. आपल्याला इथे कसली भूक आहे, हे तिला त्या बसमध्ये कळलं आणि ती एकटीच हसली, शेजारची बाई जरा सरकून बसली. ती भूक भांडणाची होती. तिच्या नवऱ्याने आणि मास्तरांनी एकदा तरी आवाज चढवून एकमेकांना काहीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी लिहिणं वगैरे सगळं त्याच्या आजूबाजूचं.

वर्गातून परत आणून नेहमीसारखं फ्रिजवर ठेवलेलं तलावाचं पान तिने फाडायचं ठरवलं, पण सकाळी ते तिथे नव्हतंच. दोन दिवसांनी आलं ते समासात पेन्सिलची टोकदार अक्षरं घेऊन. मास्तरांनी चुका काढल्या होत्या. शिट्टी आधी लांब असते, मग आखूड. टॉवेल निळा नव्हता. आणि जिथे तिने ओल्या चौथऱ्यावर पाय सटकल्याचं लिहिलं होतं तिथे दोन रेघा मारून लिहिलं होतं, चौथरा कोरडा होता. तिने पान होतं तिथेच ठेवलं. का, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सकाळी त्याच्याखाली नवऱ्याचं निळं पेन उमटलं होतं. ओला होता. संध्याकाळी पुन्हा पेन्सिल, कोरडा.  दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका माणसाच्या कानात लगदा भरताना ती मध्येच थांबली, तेव्हा त्यानेच तिला धीर दिला की बाई, मला दुखत नाहीये.

रविवारी दुपारी सासूबाई आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. नवरा टेबलावर पाव भाजायचं यंत्र उघडून बसला होता, स्क्रू एका झाकणात ठेवत. ती वही उघडून नुसतीच बसली होती, कारण काही सुचत नव्हतं आणि उठावंसंही वाटत नव्हतं. मास्तर बाहेर आले. खिडकीकडे गेले नाहीत, बाजूने चेहरा दिसेल असे उभेही राहिले नाहीत, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, मुलाच्या शेजारी, आणि तिच्या वहीकडे बघत म्हणाले, "तो तलाव लिहितेस ना अजून? मग लिही. बाप म्हणतो, शिट्टी त्याच्या तोंडात होती." तिने लिहिलं. मास्तर सावकाश सांगत होते, पोरांना पाय मारायला शिकवताना सांगायचे तसे, एकेक हालचाल वेगळी करून. लिही, नियम असा की शिट्टीवाल्याने सगळ्यांकडे बघायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिहिलं.  नवऱ्याच्या हातातला पेचकस फिरत होता पण स्क्रू केव्हाच बाहेर आला होता, हे तिला दिसलं. "लिही, बाप म्हणतो, तो सगळ्यांकडे बघत नव्हता. एकाच्याच पायांकडे बघत होता, कारण ते पाय त्याने शिकवले होते. म्हणून एकच हललेला दिसला. बाकीचे हलले की नाही ते बापाला आजतागायत माहीत नाही. लिहिलंस?"

तिने लिहिलं नव्हतं. शेवटच्या दोन ओळी तिच्या कानातून आत गेल्या आणि हातापर्यंत आल्याच नाहीत. इतकी वर्षं हा माणूस सकाळी उठून पावाचा कडेचा तुकडा बाजूला काढत होता आणि पोटात हे घेऊन हिंडत होता. तिला रडू आलं. टायमरबाईंना पान फाडायचं तर खुशाल फाडू दे, तिला रडू आलं. तिने डोळे वर केले नाहीत, वहीवरच ठेवले, काचेमागून स्वर पाठवल्यावर ठेवायची तसे, माणसाला घाई होऊ नये म्हणून. मग टेबलाच्या त्या बाजूने नवऱ्याचा आवाज आला, खाली बघूनच, यंत्राच्या पोटात बोलावं तसा. "लिही. मुलगा म्हणतो, तो हलला होता."

"विचार त्याला, किती," मास्तर म्हणाले.

"लिही, चांगला हलला होता. उगाच संशयाचा फायदा नको. घाई झाली होती त्याला. इतर दिवशी झाली नसती, पण त्या दिवशी शिट्टी बापाकडे होती, तर त्याला जरा मिरवायचं होतं." ती भराभर लिहीत होती, अक्षर पार बिघडलं होतं, काना-मात्रा सांडत होत्या. तिला आत काहीतरी सरकल्याचं जाणवत होतं, अडकलेली लिफ्ट बोटभर हलते तसं, आणि कुणी बोललं तर ती पुन्हा थांबेल या भीतीने ती श्वासही बेताने घेत होती. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मास्तर म्हणाले, आणि तिने सवयीने 'बाप म्हणतो' असं लिहून ठेवलं, आणि मग तिचं पेन थांबलं. यात लिही नव्हतं. सांग नव्हतं, विचार नव्हतं. वाक्य टेबलावरून सरळ गेलं होतं, तिच्या वहीला वळसा न घालता, हातभर जागा ओलांडून. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिने दोन्ही हात हळूच मांडीवर घेतले.

"तुम्ही कुठे बोललात," नवरा म्हणाला. "बाद झालेला पोरगा घरी येतो आणि त्याला दूध. दूध म्हणे."

"मग काय द्यायला हवं होतं?"

"काहीही. एक शिवी तरी द्यायची."

"शिवी दिली असती तर तू घर सोडून गेला असतास. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय."

"गेलो असतो, दोन दिवस मावशीकडे. आलो असतो की परत. आणि चौथरा ओला होता."

"कोरडा होता. मी स्वतः फडकं घेऊन सगळे चौथरे पुसले होते त्या दिवशी. तुझा दोनदा पुसला."

"दोनदा का?" नवऱ्याचा आवाज चढला. "बघा, म्हणजे तुम्हीच पक्षपात करत होतात, आणि वर मला बाद करता." त्यावर मास्तरांचाही आवाज चढला, तरणतलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा तो आवाज, जो तिने आजवर कधी ऐकलाच नव्हता, त्याने कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. पक्षपात कशाला म्हणतात ते तू मला शिकवू नकोस. मग कुणी शिकवायचं. स्क्रूचं झाकण उलटलं, स्क्रू टेबलावरून जमिनीवर घरंगळले, कुणी वाकलं नाही. टॉवेलचा रंग निघाला. त्या दिवशी बस कितीची होती ते निघालं, मग कुठल्याशा जुन्या पोहण्याच्या चड्डीचा विषय निघाला, ज्याचा शर्यतीशी काडीचा संबंध नव्हता, आणि त्यावर दोघे सगळ्यात जास्त तापले. तिला त्यात काहीच काम नव्हतं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, कुणी तिला काही सांग म्हणत नव्हतं, आणि आयुष्यात इतकं बेकार, इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. पान अर्ध्यातच राहिलं होतं, 'बाप म्हणतो' वर. राहू दे. ती खुर्चीचा आवाज न करता उठली आणि बाहेर आली.

आतल्या खोलीत सासूबाई चादरीची दोन टोकं हातात धरून उभ्या होत्या. चादर निम्मी जमिनीवर होती. त्यांचा चेहरा घाबरलेला होता, आणि त्या हळूच म्हणाल्या, "भांडतायत का गं?"

"हो, आई."

"एकमेकांशी?"

तिने मान हलवली. सासूबाई होत्या तिथेच पलंगाच्या कडेवर टेकल्या, चादर तशीच मांडीत गोळा करून, आणि तिच्यात तोंड खुपसून हसायला लागल्या, की रडायला, ते चादरीमुळे कळेना. खांदे तेवढे गदगदा हलत होते. पलीकडे मास्तर चड्डीवरून नवऱ्याला गाढव म्हणाले. नवऱ्याने गाढवाचा बाप कोण ते विचारलं. आता शेजारी भिंतीवर ठोकतील असं वाटून तिने दाराला हात घातला, तेव्हा सासूबाईंनी चादरीतून तोंड वर काढलं आणि तिचा पदर धरून ओढला.

"लावू नकोस ते दार," त्या म्हणाल्या. "ऐकू दे मला."